सात पाऊण सव्वापाच

समुद्र आणि आपण यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री ठेवून, नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत बसून, भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. निवृत्ती साळवे. आमच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना साळवेमामा म्हणायचे.

मी तिथे ड्रॉइंग सेक्शनला ट्रेसर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला सात मिनिटं उशीर झाला. टाइम ऑफिसच्या खिडकीतून मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि अगदी हळहळून म्हणाले, "ताई, भरती होऊन गेली."

हातात नेमणुकीचं पत्र, डब्यात आईने कौतुकाने दिलेला शिरा, आणि हा माणूस म्हणतोय भरती होऊन गेली. मी रडवेल्या आवाजात म्हटलं, "अहो, पण माझी निवड झालीय." मामा गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते इतके हसले की त्यांची टोपी खिडकीतून बाहेर पडली. ती मी उचलून दिली. "ती भरती न्हाई ताई. पान्याची. आठाची येळ हुकली का आमी आसंच म्हनतो. जावा, आज निळ्या पेनानं लिवतो."

मामांच्या खिशाला दोन पेनं असायची. वेळेवर येणाऱ्याला निळं, उशिरा येणाऱ्याला लाल. लाल पेनाला ते ओहोटी म्हणत. अंगाने काटकुळे, उंच, कायम इस्त्रीचा खाकी शर्ट, आणि टेबलावर पितळी तांब्या. तांब्यावर फुलपात्र उपडं. भेटायला आलेल्या कुणी त्यातलं पाणी अर्धं पिऊन ठेवलं की मामा उठायचे आणि उरलेलं पाणी बाहेरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून यायचे. पुन्हा त्या माणसाला फुलपात्र देताना अर्धंच भरून द्यायचे. पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव त्यांचं गाव. तिकडच्या माणसाला पाण्याबद्दल काही शिकवावं लागत नाही.

मग समुद्राची ही बाधा त्यांना झाली कशी? ती झाली कारखान्याच्या पहिल्या सहलीत. त्या सहलीला मी नव्हते, पण गेलेल्या अठरा जणांपैकी निदान दहा जणांनी मला ती गोष्ट सांगितली आहे, आणि नवल म्हणजे दहाही जणांनी सारखीच सांगितली.

एसटीची गाडी करारावर घेऊन ही मंडळी दापोलीजवळच्या मुरूडला पोचली ती सकाळी अकरा-सव्वाअकराला. बघतात तर समुद्र थेट सुरूच्या झाडांपाशी आलेला. अठराही जणांनी कपडे काढून त्यात उड्या घेतल्या. मग घरगुती खानावळीत जेवले. लेथवरचा बबन सोलकढीला गुलाबी ताक समजून चार वाट्या प्यायला. मग वाडीतल्या सुपारीच्या सावलीत सगळे जे आडवे झाले ते चांगले पाच वाजेपर्यंत.

सगळ्यांत आधी मामा उठले. तोंड धुवायला म्हणून किनाऱ्यावर गेले आणि जागच्या जागी थबकले. सकाळी जिथे गळ्याएवढं पाणी होतं तिथे कोरडी वाळू होती, आणि समुद्र पार लांब, शेताच्या दुसऱ्या बांधाला असावा तसा. तिसगावच्या माणसाने विहिरी जाताना पाहिलेल्या असतात, तळी जाताना पाहिलेली असतात. पाणी मागे सरलं की त्याला एकच अर्थ ठाऊक असतो. मामा पळत वाडीत आले. "उठा रं उठा. पानी आटलं."

आता यात हसण्यासारखं बरंच आहे, पण तिथे कुणीही हसलं नाही. कर्जतचे, पाथर्डीचे, जामखेडचे अठरा लोक धडपडत उठले आणि धावत किनाऱ्यावर गेले. बबन हळूच म्हणाला, "तरी म्या म्हनत हुतो. अठरा जनांनी येकदम आंघुळी करायला नको हुत्या."

तिथे होडीच्या फटी बुजवत एक म्हातारा नावाडी बसला होता, इब्राहीमचाचा. त्याने हे ऐकलं आणि हातातलं काम टाकून तो वाळूवर बसूनच हसला. हसणं आवरल्यावर म्हणाला, "अरे, तो जातो आणि परत येतो. रोज दोनदा."

"कवा?" मामांनी विचारलं. टाइमकीपरच तो.

"चांदाची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. तितक्या वाजता पुरी भरती."

त्या दिवशी पौर्णिमा होती. मामांच्या तोंडून आपोआप निघालं, "पंधरा पाऊण सव्वाअकरा." म्हणजे मंडळी पोचली तीच वेळ. इब्राहीमचाचाने वर पाहिलं आणि विचारलं, "पाऊणकी येते तुला?"

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी अशी सगळी फौज पाठ करावी लागे. आमच्या वेळेपर्यंत ती बंद झाली होती. मामांच्या पिढीच्या मात्र ती पाठीवर उमटलेली होती. मामा सांगत, "तीस वर्सं इचार करत हुतो ताई, का ह्यो पाढा गुर्जींनी आमच्याकडनं कशापायी घोकून घेतला. बाजारात लागला न्हाई, कारखान्यात लागला न्हाई. त्यो समिंद्रासाठी हुता."

पण या पाढ्याला एक दुखरी बाजू होती. ती मामांनी मला फार उशिरा सांगितली, जेवणाच्या सुट्टीत, डबा अर्धा खाऊन झाल्यावर.

मामांची आई लवकर गेली. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीने, गयाबाईने. तिला ते आक्का म्हणत. आक्का स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी, पण भाऊ शिकला पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलेली. एकदा गुरुजींनी पाऊणकी पाठ करून यायला सांगितलं. आक्काने सकाळी चुलीपाशी बसवून निवृत्तीकडून म्हणून घेतली. त्याला सहापर्यंत येत होती. पुढचं त्याने ठोकून दिलं. सात पाऊण अमुक, आठ पाऊण तमुक, तोंडाला येईल तो आकडा. आक्काला काय कळणार. ती खूश होऊन स्वतः त्याच्याबरोबर शाळेत गेली आणि गुरुजींना छाती काढून म्हणाली, "पाठ हाय त्याला. म्या म्हनून घेतलीया."

गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं. सहा पाऊण साडेचारपर्यंत गाडी नीट आली आणि सातला अडली. मार बसला तो मामांना. मान मात्र आक्काची खाली गेली. दाराशी उभी होती, ती तशीच निघून गेली.

तेव्हापासून भावाने काहीही सांगितलं की आक्का म्हणायची, "साहापातुर खरं." नोकरी लागली, साहापातुर खरं. पगार वाढला, साहापातुर खरं. मामांचं लग्न ठरताना मुलीकडच्यांनी मुलाची चौकशी केली, तेव्हाही तिने हेच सांगितलं म्हणतात. सगळं घर हसायचं. मामाही हसायचे. पण मला सांगताना हसले नाहीत. "पुढं तीन दिसांत सगळी पाऊनकी पाठ केली ताई. पन तिनं परत म्हनूनच घेतली न्हाई."

आणि आता याच माणसाने सहलीहून परत जाऊन आक्काला सांगितलं होतं, की समुद्राचं पाणी निघून जातं, परत येतं, आणि कधी येणार ते मला पाऊणकीवरून सांगता येतं. आक्काने दुष्काळी कामावर खडी फोडलेली, कोस-कोस पाणी वाहिलेलं. ती म्हणाली, "गेल्यालं पानी म्या उभ्या जल्मात माघारी आल्यालं बघितलं न्हाई. साहापातुर खरं."

इथून मामांच्या आयुष्याला एकच काम उरलं. आक्काला मुरूडला न्यायचं आणि दाखवायचं.

दर डिसेंबरात सहल ठरू लागली. आक्का दर डिसेंबरात नाही म्हणू लागली. शेळ्या कोण बघंल, कंबर धरती, यंदा तूर हाय. मामांनी हार मानली नाही. टाइम ऑफिसातल्या कॅलेंडरवर रोजच्या तिथीखाली ते पेन्सिलीने भरतीची वेळ लिहीत. खरं तर मामांच्या घरी तिथी पाळायची पद्धतच नव्हती. बौद्ध कुटुंब, उपास-तापास काही नाही, पौर्णिमेला तेवढे विहारात जायचे. एकदा अकाउंट्सच्या कुलकर्णीबाईंनी त्यांना कॅलेंडरात बोट घालून बसलेलं पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, "मामा, आज एकादशी ना?"

"व्हय," मामा म्हणाले. "सव्वाआठला भरती."

सहलीचा कार्यक्रम मामा स्वतः टाइप करून नोटीस बोर्डावर लावत. भाषा सगळी हजेरीपत्रकाची. सकाळी आठ ते दहा, पोहणे अगर पाय भिजवणे. दहा ते बारा, पाण्याची स्थिती पाहून होडीने सुवर्णदुर्ग. दुपारी एक, भोजन. दोन ते चार, झोप. चार ते सहा, समुद्राकडे बघत बसणे (सक्तीचे). त्यानंतर हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहणे, खरेदी ऐच्छिक.

त्या सक्तीवरून दर वर्षी बबनशी वाद व्हायचा. बबनला एका दिवसात अकरा ठिकाणं उरकायची असत. "मामा, येवढ्या लांब येऊन नुसतं बसायचं? बसायला नगरला जागा न्हाई का?"

"नगरला बसलास का कवा? शिफ्ट सुटली का सायकल, सायकल सुटली का गोठा. आरं, तुझ्या ढुंगनाला बसायची सवयच न्हाई. बस दोन तास. लाल पेन आनलाय म्या."

बबन बसायचा. पहिला अर्धा तास चुळबुळायचा, मग गप्प व्हायचा, आणि सहा वाजता उठवायला गेलं की म्हणायचा, थांबा की जरा. पुढे पुढे तर आम्ही सगळेच त्या दोन तासांसाठी जात होतो. मी आईला घेऊन जायचे. मामा गाडीतून उतरले की मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या पर्समध्ये टाकत. "हितं माझी ड्यूटी न्हाई." मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहत. हर्णैच्या लिलावात त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचं. त्यांच्या मते तो तिसगावचाच बाजार होता, फक्त माल ओला.

मामा रिटायर व्हायच्या आधीच्या डिसेंबरात आक्का हो म्हणाली. का म्हणाली कोण जाणे. कंबर तशीच होती, शेळ्या तशाच होत्या. अट मात्र घातली. "खोटं निघालं तर परत माझ्याम्होरं पाऊनकीचं नाव काढायचं न्हाई."

त्या दिवशी मी मामांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. गाडीत आक्काशेजारी बसून ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. आक्का, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, मांडीवर भाकरीचं गाठोडं, खिडकीबाहेर बघत होती. हिरवे डोंगर पाहून एवढंच म्हणाली, "हितल्या लोकान्ला काम काय आसंल?"

पोचायला अंधार झाला. समुद्राचा नुसता आवाज आला. सकाळी दहाच्या सुमाराला मामा आक्काला किनाऱ्यावर घेऊन गेले, तर पाणी पार लांब गेलेलं. आक्काने हात कपाळाशी नेऊन पाहिलं. "ह्येच का? आटलंय की."

"येतंय. आज सातम हाय. सव्वापाचला हितं आसंल," मामा म्हणाले.

सप्तमी. सात पाऊण. मामांनी मुद्दाम तो दिवस निवडला होता की सुट्ट्याच तशा जुळल्या होत्या, ते मी कधी विचारलं नाही. आक्काच्या ते लक्षात आलं की नाही तेही कळलं नाही. ती तिचं ठरलेलं वाक्य म्हणाली आणि जेवायला निघून गेली.

चार वाजता मामांनी माझ्याकडून घड्याळ परत मागून घेतलं. सुरूच्या झाडांपुढे, पहिल्या सहलीत पाणी जिथे आलं होतं ती जागा त्यांना नेमकी ठाऊक होती. तिथे त्यांनी खानावळीतली प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि आक्काला बसवलं. "सव्वापाचला तुज्या पायाला पानी लागंल." सगळी सहल मागे वाळूत बसली. त्या दिवशी बसायची सक्ती करावी लागली नाही.

पाणी येत होतं, यात शंका नव्हती. सकाळी मैलभर लांब वाटणाऱ्या लाटा आता जवळ दिसत होत्या. पावणेपाच, पाच, पाच दहा. आम्ही सगळे माना पुढे काढून बघत होतो. सव्वापाचला एक लाट आली, शिंपल्यांच्या एका रांगेपर्यंत पोचली आणि मागे गेली. आक्काची खुर्ची तिथून चांगली दहा-बारा पावलं अलीकडे होती. पुढची लाट रांगेपर्यंतही आली नाही. पाच वीस. पाच पंचवीस. वाळू कोरडी होती.

मामा घड्याळाकडे बघत उभे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या नावापुढे लाल शेरा मारलेला माणूस, त्याची मान मी खाली गेलेली पाहिली. बबन चाचरत म्हणाला, "मामा, कॅलेंडर चुकलं आसंल." मला तर वाटत होतं की उठून बादलीने पाणी आणावं आणि म्हातारीच्या पायावर ओतावं.

आक्का एकटीच शांत होती. ती आमच्याकडे, घड्याळाकडे कुठेच बघत नव्हती. पाण्याकडे बघत होती.

"किती वाजलं?" तिने विचारलं.

"साडेपाच," मामा कसेबसे म्हणाले.

"आन् त्या शिपल्यांपाशी पानी आलं तवा?"

"सव्वापाच."

"त्याच्या म्होरं काय आलं न्हाई. म्या बघत्ये. सव्वापाचलाच वळलं ते." आक्का उठली. बबन खुर्ची उचलायला धावला, त्याला तिने हातानेच बाजूला केलं. खुर्ची स्वतः उचलली, त्या दुखऱ्या कंबरेने दहा-बारा पावलं चालत गेली, शिंपल्यांच्या रांगेच्याही थोडं पुढे ओल्या वाळूत ती रोवली आणि बसली. लाट आली, तिच्या घोट्यांवरून गेली, परत गेली. आक्काने लुगडं चार बोटं वर घेतलं.

"येळ बरुबर हाय तुझी," ती म्हणाली. "जागा चुकली. जागा कुनाचीबी चुकती." आणि मग, अगदी सहज, "म्हन आता. सातापसनं."

मामा पाण्यात जाऊन तिच्यासमोर उभे राहिले. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस, पँट दुमडलेली, हाताची घडी. सात पाऊण सव्वापाच. आठ पाऊण सहा. नऊ पाऊण पावणेसात. प्रत्येक आकड्याला आक्का मान हलवत होती, जणू तिला सगळं तपासता येत होतं. आवाज मध्येच फाटला, पण पाढा चुकला नाही. वीस पाऊण पंधराला तिने हात वर केला. "बास. आता सातबी खरं."

मी रडले, हे सांगायला लाज कशाची. बबनही रडला, पण तो खारं पाणी डोळ्यात गेलं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इब्राहीमचाचाला ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "सातमी-आठमीला भांग असतो, लहान भरती. वेळेवर येतं पाणी, पण चढायला आळस करतं. पुनव-अवसेसारखं वर येत नाही. हे त्याला सांगायचंच राहिलं." मामांना त्याने वेळ शिकवली होती, उंची शिकवायची राहून गेली होती. टाइमकीपरला नुसती वेळ पुरे वाटली.

मामा रिटायर होऊन तिसगावला राहायला गेले. टाइम ऑफिसात नवीन मुलगा आला, त्याच्याकडे एकच पेन होतं. कॅलेंडरवरच्या पेन्सिलीच्या वेळा त्या वर्षअखेरपर्यंत लिहून ठेवलेल्या होत्या. पुढच्या वर्षी कॅलेंडर बदललं.

त्यानंतर मी मामांना एकदाच पाहिलं. पाथर्डीला एका लग्नाला जाताना आमची गाडी तिसगावात थांबली. बाजाराचा दिवस होता, संध्याकाळ होत आली होती. चिंचेखाली पोतं टाकून मामा आणि आक्का बसले होते, पुढ्यात थोड्या शेंगा. भोवती दोन-तीन बाया टेकल्या होत्या आणि आक्का त्यांना सांगत होती, "जातंय आन् परत येतंय. म्या बघितलंय, सांगीव न्हाई." एक बाई पदराआड हसत होती. मी हाक मारणार होते, पण आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मला ते मधेच तोडावंसं वाटेना.

आक्काने मामांकडे वळून विचारलं, "निवरती, आत्ता काय आसंल रं तिकडं?"

मामांनी मनगटाकडे पाहिलं. मग बोटांची पेरं मोजली. "आज नवम. नऊ पाऊण पावणेसात. चढतंय आता."

आक्काने मान डोलावली, आणि बसल्या जागी, त्या धुळीत, पाय जरा जवळ ओढून लुगडं चार बोटं वर घेतलं.